वराचे सोंग

आमच्या जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा पुष्कळ आहेत, आणि बागाईतदारांचे मुलगे माझ्यासारख्या अध्यापकाच्या वर्गात येऊन बसतात. पदवी पदरात पडल्यावर काही पुण्या-मुंबईस जातात, काही बागेवर परततात. जे परततात त्यांच्यापुढे चार-दोन वर्षांत एक प्रश्न उभा राहतो, आणि तो पाण्याचा नसतो की बाजारभावाचाही नसतो. शेती करणाऱ्या मुलास मुलगी द्यावयास कोणी तयार होत नाही, हा तो प्रश्न होय. पाच एकराच्या धन्यापेक्षा परगावी भाड्याच्या खोलीत राहणारा नोकरदार वधूपित्यास अधिक सुरक्षित वाटतो. आणि आमच्याकडील पावसाची लहर ज्याने पाहिली आहे, तो त्या पित्यास दोष देण्यास सहसा धजणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझा असाच एक जुना विद्यार्थी मजकडे आला. त्याचे एका ठिकाणी जमत आले होते. वडीलधाऱ्यांच्या संमतीने मुलास व मुलीस एकमेकांशी बोलावयास तासभर मिळाला होता, आणि त्या तासात त्याने आपण पुण्यास एका कंपनीत नोकरीला असल्याचे मुलीस सांगून टाकले होते. त्याच्या एका मित्राची तशी नोकरी होती. मित्राची नोकरी, मित्राचे पुण्यातील बिऱ्हाड आणि मित्राची मोटार ही तेवढ्या तासापुरती याची झाली. आता मुलीचे वडील चौकशीसाठी मला दूरध्वनी करणार होते, व मी ‘होय’ एवढेच म्हणावे, अशी त्याची विनंती होती.

मी ‘होय’ म्हणालो नाही. मुलीच्या वडिलांस मी इतकेच सांगितले, की मुलगा सालस व कष्टाळू आहे. बाकी सर्व त्यालाच विचारा, आणि विचाराल ते मुलीच्या समक्ष विचारा. आठ दिवसांनी तो परत आला. वडिलांनी विचारण्याची वेळ येऊ न देता त्याने आपण होऊनच मुलीस खरे काय ते सांगितले होते, आणि लग्न मोडले होते. मुलीने आरडाओरडा केला नाही. तिने त्यास एकच प्रश्न केला. ती म्हणाली, “नोकरीची अट बाबांची होती. बाबांना तुम्ही खोटं सांगितलं असतं, तर मी समजू शकले असते. पण मला का सांगितलंत?”

त्या मुलीचा हा प्रश्न माझ्या मनातून जाईना. लग्नासाठी सोंग घेणे ही काही आजची गोष्ट नव्हे; आपल्या पुराणांत, लोककथांत आणि रंगभूमीवर तिची परंपरा मोठी आहे. परंतु त्या प्रत्येक सोंगात फसविले कोणाला जात होते, हा प्रश्न आपण इतिहासाचे अभ्यासकही क्वचितच विचारतो. त्या मुलीने तो विचारला, म्हणून हा लेख.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे सोंग म्हणजे अर्जुनाने सुभद्रेसाठी घेतलेला यतिवेष. पण मूळ महाभारताच्या आदिपर्वात ही कथा ज्या रूपाने प्रथम भेटते, त्यात यतिवेषाचे विशेष काही नाही. रैवतक पर्वतावरील उत्सवात अर्जुन सुभद्रेस पाहतो, त्याचे मन बसते, आणि तो कृष्णाचा सल्ला घेतो. कृष्णाचे उत्तर आजच्या वाचकास चमत्कारिक वाटेल. स्वयंवराचा मार्ग क्षत्रियास विहित आहे खरा, पण स्त्रीच्या मनाचा भरवसा कोणी द्यावा? तेव्हा सरळ हरण करावे, असे तो सुचवितो. युधिष्ठिराची अनुज्ञा दूताकरवी मागविली जाते. कृष्णाला विचारले, थोरल्या भावाला विचारले. न विचारली गेलेली व्यक्ती एकच, ती म्हणजे सुभद्रा. येथे सोंग नाही, आणि म्हणून खोटेपणाही नाही. पण मुलीच्या मनाला जागाही नाही.

पुढे भागवताच्या दशम स्कंधात, शहाऐंशीव्या अध्यायात, हीच कथा परीक्षिताच्या प्रश्नावरून पुन्हा सांगितली आहे. आपल्या आजीचे लग्न कसे झाले, हे नातू विचारतो आहे. या कथेत बलरामाने सुभद्रा दुर्योधनास देण्याचे योजिले आहे. ते ऐकून अर्जुन त्रिदंडी संन्याशाचा वेष घेतो, पावसाळ्याचे चार महिने द्वारकेत काढतो, आणि बलराम त्यास न ओळखता मोठ्या आदराने आपल्या घरी भोजनास बोलावितो. तेथे सुभद्रा त्यास दिसते, आणि तोही तीस दिसतो. ग्रंथकार एवढ्यावर थांबत नाही. तिचेही मन त्याच्यावर जडले, हे तो मुद्दाम सांगतो. पुढे जे हरण होते, त्यास कृष्णाची आणि सुभद्रेच्या मातापित्यांची संमती आहे. अंधारात राहिला तो एकटा बलराम.

या दोन कथनांतील फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. आपण समजतो की वेषांतर आले म्हणजे कथा कपटाकडे झुकली. येथे उलटे झाले आहे. जेथे वेष नव्हता तेथे मुलीचे मन विचारात घेतलेच गेले नाही. जेथे वेष आला तेथे प्रथमच तिच्या नजरेला, तिच्या आवडीला कथेत प्रवेश मिळाला. ज्या घरात परक्या पुरुषास मुलीशी बोलावयाची सोय नाही, त्या घरात शिरावयाचे तर संन्याशाच्या वेषानेच शिरले पाहिजे. तो वेष मुलीस फसविण्यासाठी घेतलेला नसून, मुलीपर्यंत पोचण्याची वाट अडवून बसलेल्या दारवानास चुकविण्यासाठी घेतलेला आहे.

ही कथा महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाच्या घराघरांत पोचविली ती बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी. १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणून त्यांनी संगीत नाटकाचा पाया घातला, आणि दोनच वर्षांनी, १८८२ च्या नोव्हेंबरात, पुण्यास ‘सौभद्रा’चे पहिले तीन अंक झाले. पुढच्या साली नाटक पूर्ण झाले. ज्या नाटकाची पदे आजही मैफलीतून ऐकू येतात, त्याची थोरवी सांगण्याचे येथे कारण नाही. मला विचारावयाचे आहे ते हे, की त्या काळच्या प्रेक्षकांना या यतिवेषात एवढे सुख का वाटले?

त्या प्रेक्षागृहात बसलेल्या बहुतेक गृहस्थांनी आपल्या पत्नीस प्रथम पाहिले ते अंतरपाट दूर झाल्यावर. मुलीचे वय तेव्हा नऊ-दहाचे असावयाचे. प्रणयाराधन म्हणून जे काही असते ते त्यांनी शाळेत इंग्रजी कादंबऱ्यांत आणि कालिदासाच्या नाटकांत वाचले होते. घरी त्याला जागा नव्हती. किर्लोस्करांची सुभद्रा अर्जुनावर आधीपासूनच अनुरक्त आहे, आणि वडील भाऊ तिला दुसऱ्याच्याच गळ्यात बांधावयास निघाला आहे. यतीचा वेष तीसही चटकन ओळखू येत नाही, हे खरे. परंतु तो वेष उतरला म्हणजे आतून तिला हवा असलेला पुरुषच बाहेर येतो. प्रेक्षकास हे पहिल्यापासून ठाऊक असते, आणि म्हणून तो निर्धास्तपणे हसतो. त्याला हसू येते ते बलरामाचे, सुभद्रेचे नव्हे.

त्यातही एक गंमत अशी, की रंगमंचावरील सुभद्राही सोंगच होती. भाऊराव कोल्हटकर त्या भूमिकेत उभे राहत, आणि त्यांच्या पश्चात नारायणराव राजहंसांनी, म्हणजे बालगंधर्वांनी, तीच भूमिका केली. प्रणयाची बाजू मांडावयासही घरंदाज स्त्रीस रंगभूमीवर येता येत नव्हते. पुरुषाने स्त्री व्हावे, पुरुषाने संन्यासी व्हावे, तेव्हा कोठे ‘मुलीस जो आवडेल तो तिला मिळावा’ हे वाक्य आपल्या समाजास ऐकवत होते.

आणि ते नाटकातच ऐकवत होते. १८८४ साली मुंबईत दादाजी भिकाजी यांनी रखमाबाई या आपल्या पत्नीविरुद्ध नांदावयास येण्याबद्दल फिर्याद केली. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी झालेले; जाणत्या वयात आल्यावर हा नवरा मला मान्य नाही, असे तिने कोर्टात स्पष्ट सांगितले. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८८७ साली तो फिरला: नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंगात जाण्याची तयारी तिने दाखविली. अखेर १८८८ साली पैसे देऊन तडजोड झाली. पुण्याच्या ‘केसरी’सारख्या वजनदार पत्राने या प्रकरणी तिच्या विरुद्ध बाजू घेतली होती. जो वर्ग रात्री बलरामाच्या फजितीवर टाळ्या देत होता, त्याच वर्गातील पुष्कळजण सकाळी वर्तमानपत्र हाती घेऊन बलराम होत होते. हे मी त्यांची थट्टा करण्यासाठी लिहीत नाही. कलेत जे आपण मान्य करतो ते घरात मान्य करावयास एक-दोन पिढ्या जाव्या लागतात, इतकाच त्याचा अर्थ.

‘सौभद्र’ हे शहरातील शिकलेल्यांचे नाटक झाले. खेड्यांतील लोकांजवळ त्याहून जुने आणि त्याहून खडबडीत असे एक सोंग आहे. आमच्याकडे लग्न उरकले की खंडोबाचे जागरण घालतात. वाघ्या दिमडी वाजवितो, मुरळी घाटी हलविते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास बाणाईची कथा रंगात येते. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा नेवाशाची, वाण्याची लेक. तिच्याशी सारिपाट खेळताना देव हरतो, आणि पणाप्रमाणे बारा वर्षे घराबाहेर राहण्याची पाळी त्याच्यावर येते. हरणे हे निमित्तच; मन आधीच बाणाई धनगरणीवर गेलेले असते. चंदनपुरीस जाऊन देव म्हाताऱ्या धनगराचे रूप घेतो आणि तिच्या वाड्यावर मेंढरे राखावयास चाकरीला राहतो.

जगाच्या मालकाने मेंढक्या व्हावे, ही कल्पना मोठी गोड आहे. वर होऊ पाहणारा येथे आपली पायरी वाढवून सांगत नाही, घटवून सांगतो. शेणामुतात राबून तो आपली लायकी दाखवितो. इतके झाले तरी या कथेतील दुखरी जागा लोकगीतांनी लपविलेली नाही. मेंढरे मरतात, आणि ‘माझ्याशी लग्न करशील तर जिवंत करीन’ असे देव म्हणतो. कळप हेच जिचे सर्वस्व, त्या मुलीच्या ‘हो’ला किती अर्थ द्यावयाचा? पुढे देव तीस घेऊन जेजुरीस येतो, तेव्हा म्हाळसा आणि बाणाई यांचे जे भांडण जुंपते ते गाताना मुरळीचा आवाज चढतो, आणि ऐकणाऱ्या बायका गालातल्या गालात हसतात. आजही जेजुरीस वर गडावर म्हाळसा देवाशेजारी आहे, आणि बाणाईचे देऊळ डोंगराच्या निम्म्या वाटेवर आहे. सोंगाने झालेल्या लग्नाचा हिशेब दोन बायकांनी चुकता केला, असे मला ती वाट चढताना नेहमी वाटते. तेव्हा खाली उतरून घेतलेले सोंगही निर्दोष असतेच असे नाही. मात्र त्यात एक गोष्ट बरी असते. वेष उतरल्यावर मुलीच्या हाती अधिक काही पडते, उणे पडत नाही.

याच्या उलट जातीचे, म्हणजे वर चढण्याचे सोंग पाहावयाचे तर पुराण सोडून पेशवाईत आले पाहिजे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई त्या मोहिमेत बरोबर होत्या. त्या जिवानिशी दक्षिणेत परतल्या. परंतु पतीच्या मृत्यूवर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नाही, आणि १७८३ साली देह ठेवीपर्यंत त्या सौभाग्यचिन्हे धारण करूनच राहिल्या. याच काळात उत्तरेत सुखलाल नावाचा एक कनोजी ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणून उभा राहिला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत त्यास पकडून कैदेत ठेवण्यात आले होते. १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे याने त्यास बाहेर काढून उचलून धरले, कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले, आणि हजारो माणसे त्याच्या भोवती जमली. महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी त्याच्या फौजेचा मोड केला. पळत असता तो राघोजी आंग्रे यांच्या हाती लागला, पुण्यास चौकशी झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यास देहान्त शासन झाले. तात्यासाहेब केळकरांच्या ‘तोतयाचे बंड’ या नाटकाने हा प्रसंग घरोघर माहीत करून दिला.

एका राजकीय बंडाची कथा येथे कशाला, असे कोणी म्हणेल. पण त्या तोतयाने केवळ एका सेनापतीचे नाव घेतले नव्हते. एका स्त्रीच्या नवऱ्याचे नाव घेतले होते. किल्ले घेणाऱ्यास किल्ले परत द्यावे लागतात. जी बाई पंधरा वर्षे वाट पाहत होती, तिच्या वाट पाहण्याचे जे भांडवल केले गेले, त्याची भरपाई कोणत्या चौकशीने व्हावी? आणखी असे, की हे सोंग इतके फैलावले ते सुखलालच्या चातुर्यामुळे नव्हे. पानिपतावरून ज्यांचे पुरुष परतले नाहीत अशी घरे महाराष्ट्रात असंख्य होती. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही येईल, अशी आशा त्या घरांत जिवंत होती. तोतया आपले रूप स्वतः बनवीत नाही. समोरच्याला कशाची ओढ आहे ते ओळखून तो तेच होतो. लग्नासाठी खोटे बोलणाऱ्याची रीत याहून निराळी नसते. समोरच्या मुलीस काय हवे आहे ते तो आधी हेरतो, आणि नेमके तेवढेच पांघरतो. तिची आशा हीच त्याची शिडी होते. म्हणूनच असले सोंग उघडे पडले म्हणजे फसलेल्या माणसास दुसऱ्याचा राग येतो त्याहून स्वतःची लाज अधिक वाटते.

‘सौभद्रा’नंतर सतरा वर्षांनी, १८९९ साली, त्याच किर्लोस्कर मंडळीने गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ रंगभूमीवर आणले. देवल हे किर्लोस्करांचे शिष्य. पण गुरूच्या नाटकातील सोंग त्यांनी पुरते उलटे करून दाखविले. येथे पंचाहत्तरीच्या घरातील भुजंगनाथ नवरदेव होऊन लग्नास निघतो, भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करतो, आणि शारदेचा बाप कांचनभट पैशावर नजर ठेवून मुलगी देतो. ‘सौभद्रा’त पालकास चुकवून मुलीपर्यंत पोचावयाचे होते, ‘शारदे’त पालकच त्या सोंगाचा भागीदार आहे, आणि गळा आहे तो मुलीचा. सत्य काय ते बापास पुरते ठाऊक आहे. दार उघडे आहे, दारवान विकत घेतलेला आहे, आणि आत अडकली आहे ती एकटी शारदा.

आणि हे लग्न मोडते कशाने? मुलीच्या नकाराने नव्हे. वर आणि वधू सगोत्र आहेत, हे कोदंड उघडकीस आणतो, म्हणून. देवलांसारख्या कळवळ्याच्या लेखकासही, शास्त्राचा आधार घेतल्यावाचून आपल्या नायिकेस सोडविता आले नाही. तिचे ‘नको’ हे एकटे पुरेसे कारण आहे, असे म्हणावयास त्या काळचा प्रेक्षक तयार नव्हता. बालविवाहास आळा घालणारा सारडा कायदा १९२९ साली झाला आणि १ एप्रिल १९३० पासून अमलात आला. पण तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. आमचे जालना त्या वेळी निजामाच्या राज्यात होते.

स्वराज्यातील कायद्याने ही गोष्ट कशी हाताळली, तेही पाहण्यासारखे आहे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात, संमती कपटाने मिळविली असेल तर विवाह रद्द करून मागण्याची तरतूद आहे. कपट कशाविषयीचे, हे १९७६ च्या दुरुस्तीने अधिक स्पष्ट केले: विधीच्या स्वरूपाविषयी, किंवा प्रतिपक्षासंबंधीच्या कोणत्याही महत्त्वाच्या गोष्टीविषयी. कपट कळल्यापासून एका वर्षाच्या आत दाद मागावी लागते, आणि कळल्यानंतरही जो स्वेच्छेने संसार करीत राहिला त्याचा हक्क जातो. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते या कलमातील दुसरे कथानक. १९५५ साली वधूचे किमान वय पंधरा होते, आणि अठरा वर्षांखालील वधूसाठी पालकाची संमती लागे. म्हणून कपटाने मिळविलेली संमती ही पालकाचीही असू शकते, असे कायद्याने धरले होते. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे वय अठरा व मुलाचे एकवीस झाले, आणि पालकाच्या संमतीची अट गेली. म्हणजे कायद्याच्या पुस्तकातून बलराम बाहेर पडला तो १९७८ साली. तेव्हापासून लग्नातील कपट हे फक्त वधूशी किंवा वराशी केलेले कपट आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेने आणखी एक पाऊल टाकले आहे. तिच्या एकोणसत्तराव्या कलमाप्रमाणे, आपली ओळख दडवून लग्न करून स्त्रीशी शरीरसंबंध ठेवणे हाही शिक्षापात्र गुन्हा झाला असून त्यास दहा वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे.

कायदा येथवर आला, पण आपल्या घरांत बलराम अद्याप उभा आहे. माझ्या विद्यार्थ्याची चूक मला येथे दिसते. नोकरीची अट घालणारा बाप त्याच्यापुढे होता, आणि तो बाप चुकविल्यावाचून मुलगी भेटणार नाही, हे त्याचे गणित जुन्या जगाचे होते. परंतु तो तास त्यास मिळाला होता तो मुलीशी बोलावयास. दार उघडे होते. समोर सुभद्रा एकटी बसली होती, आणि ती त्याला काय तो प्रश्न विचारू शकत होती. जो वेष त्याने दाराबाहेर उतरून ठेवावयाचा, तोच घालून तो तिच्यासमोर बसला. बापाच्या अटीचे उत्तर त्याने मुलीस दिले. ‘मला का सांगितलंत?’ या तिच्या प्रश्नाचा अर्थ हाच होता, की तुम्ही मला निराळे माणूस धरलेच नाही.

अधिक वाईट वाटते ते पुढे आहे. सोंग घेऊन त्याने जे दाखविले त्याहून जे लपविले ते मोठे होते. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातील मोसंबीच्या किती बागा वाळल्या, आणि किती लोकांनी हाताने कुऱ्हाड घातली, ते येथील प्रत्येकास आठवते. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. टँकरचे विकत पाणी घागरीघागरीने आळ्यांत ओतून त्याने आणि त्याच्या आईने निम्मी बाग जगविली. आता त्याच झाडांना ताण कधी द्यावा, पाणी कधी सोडावे, मृग बहार धरावा की आंबे बहार, याबद्दल दहा गावचे लोक त्याचा सल्ला घेतात. हे सर्व त्याने त्या तासात झाकून ठेवले आणि मित्राची मोटार पुढे केली. खंडोबाने निदान देवपण लपवून मेंढरे राखली होती. याने बाग लपवून दुसऱ्याची चाकरी पांघरली. दोष त्याचा आहेच. पण बाग ही लपविण्याची वस्तू आहे असे त्यास वाटावे, याचा दोष आम्ही शिकलेल्या लोकांनीही थोडा वाटून घेतला पाहिजे. ‘शिकलास, आता शेती कशाला?’ हे वाक्य त्याने प्रथम बहुधा आमच्याच वर्गात ऐकले असेल.

याच जिल्ह्यात घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. १६०८ साली तेथे सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला, तोच पुढे समर्थ रामदास झाला. बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच तो मंडपातून निघून गेला, असे परंपरा सांगते. ही कथा आमच्याकडे वैराग्याची म्हणून सांगतात. मी अलीकडे ती दुसऱ्या कारणाने आठवतो. जे आपण नव्हे त्याचे सोंग घेऊन अंतरपाटाच्या या बाजूस उभे राहावयाचे नाही, एवढे त्या मुलास कळले होते. त्याचबरोबर, अंतरपाटाच्या त्या बाजूस एक मुलगी उभी होती, आणि तिचे पुढे काय झाले ते कथा सांगत नाही, हेही माझ्या मनात येते. आपल्या साऱ्या जुन्या कथांत त्या बाजूची हकीकत थोडी आहे. माझ्या विद्यार्थ्यास निदान त्या बाजूने एक प्रश्न तरी विचारला गेला.

त्याच्यासाठी सध्या दुसरे स्थळ पाहणे चालू आहे. परवा तो येऊन सांगत होता, की या वेळी मुलीकडच्यांना त्याने बागेतच बोलाविले आहे. बहाराचे दिवस आहेत. मी त्यास म्हणालो, मुलीलाही घेऊन या म्हणावे. आणि दुष्काळात जी झाडे तोडावी लागली, त्यांची रिकामी आळीही तीस दाखव.